मदत हवी आहे: दुर्बिणीचा खांब आणि स्लॅबमधली फट

सोलापूरकडे विद्यापीठाच्या विज्ञान केंद्राची इमारत आखतोय. खाली शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन, वर प्रयोगशाळा, गच्चीवर लोकांसाठी आकाशदर्शन. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो, म्हणून फिलर स्लॅब, म्हणजे खालच्या भागात काँक्रीटऐवजी मंगळुरी कौलं घातलेला, वर चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. गच्चीचं पाणी टाकीत. एवढं जमलंय.

अडलंय दुर्बिणीपाशी. मुलांच्या पावलांनी प्रतिमा थरथरू नये म्हणून तिचा खांब वेगळ्या पायावरून उचललाय, स्लॅबला कुठेही न टेकवता. भोवती २५ मिलिमीटर फट. नमुन्याच्या स्लॅबवर ती सिलिकॉनने भरली. पहिल्याच पावसात कडेला चीर पडून पाणी झिरपलं. मॉर्टर भरलं तर कंप थेट खांबात उतरेल. दुर्बिणीवरचं छप्पर सरकवून उघडायचं आहे, त्यामुळे तिरपा पाऊस आत येतोच.

फटीभोवती कठडा उचलून खांबाला पत्र्याची टोपी पुरेल, की रबरी पडदाही लागेल? कठडा किती उंच ठेवावा?