चुंबकीय ठिपके: आखायचे की रेणूंना जुळू द्यायचे?

तरंग:
हार्ड डिस्कच्या तबकडीवर एक चुंबकीय ठिपका म्हणजे एक बिट धरून एका चौरस इंचात १ टेराबिट (एक लाख कोटी बिट) बसवायचे, तर चौकोनी मांडणीत दोन ठिपक्यांच्या केंद्रांमधले अंतर जेमतेम २५ नॅनोमीटर उरते. इलेक्ट्रॉन शलाकेने एकेक ठिपका कोरत बसलो तर एका तबकडीलाच दिवसच्या दिवस जातील. उलट, एकमेकांत न मिसळणारी दोन पॉलिमर (लांबलचक रेणू) एकाच साखळीत जोडून तापवली, की ती वेगळी व्हायला धडपडतात. साखळी मात्र तुटत नाही, म्हणून काही नॅनोमीटरवरच थांबतात आणि ठिपक्यांची जाळी आपसूक तयार होते. तिला दिशा मात्र लिथोग्राफीनेच, म्हणजे पृष्ठभागावर आधी खुणा आखूनच, द्यावी लागते. २००८ मध्ये आखलेल्या खुणांच्या चौपट ठिपके मिळाले, शिवाय खुणांमधल्या चुकाही रेणूंनी सुधारल्या! माझ्या मते पुढचा रस्ता या जोडीचाच आहे.

काठ:
असहमत. जाळी देखणी झाली म्हणून चुंबक एकसारखे होत नाहीत. त्या जाळीच्या आडोशाने आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) माऱ्याने खालचा चुंबकीय धातू कोरताना ठिपक्यांच्या कडा बिघडतात. मग कुणाची चुंबकीय दिशा कमी चुंबकीय क्षेत्रात उलटते, कुणाची जास्त. त्यात शेजाऱ्यांचे क्षेत्र मिसळते, आणि एक बिट लिहिताना बाजूचा पुसला जाण्याची भीती राहते. शिवाय रेणूंना षट्कोनी मांडणी आवडते, तबकडीला हवेत गोल ट्रॅक.

तरंग:
गोल ट्रॅकचे म्हणाल, तर तोशिबाच्या संशोधकांनी २००२ मध्येच अडीच इंची तबकडीवर गोल खाचांत पॉलिमर बसवून कोबाल्ट-क्रोमियम-प्लॅटिनमचे ठिपके केले होते. साचाही एकदाच बनवायचा, पुढे ठसे उमटवत जायचे. कडांचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य.

कणखर:
नुसत्या जुळण्यावरही भिस्त नको. रासायनिक पद्धतीने बनवलेले लोह-प्लॅटिनमचे कण सुंदर रांगेत बसतात, पण कणखर चुंबकत्वासाठी ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की एकमेकांना चिकटतात. आखलेल्या खड्ड्यांत सुटे ठेवले तर वाचतील असे वाटते.

काठ:
उद्योगाने शेवटी उष्णतेच्या मदतीने, म्हणजे तेवढी जागा क्षणभर तापवून, लिहिण्याची वाट धरली.

तरंग:
तिथेही लोह-प्लॅटिनमचे दाणे कार्बनमध्ये आपापले वेगळे होतात की! तेही जुळणेच, फक्त आखणीविना.

काठ:
हो, पण तिथे एका बिटात अनेक दाणे असतात. एखादा वाकडा निघाला तरी बाकीचे सांभाळून घेतात. तुमच्या जाळीत एक ठिपका म्हणजे एक बिट. तो बिघडला की तेवढी माहिती गेली. एकेका ठिपक्याचे उलटण्याचे क्षेत्र सारखे करून दाखवा, मी लगेच तुमच्या बाजूला येतो.