मदत हवी आहे: अण्णांच्या जुन्या बांबूच्या फिशिंग रॉडची दुरुस्ती

नमस्कार. माझ्या वडिलांचा मासे गरवायचा रॉड घरीच दुरुस्त करायला घेतला आहे आणि मध्येच अडकले आहे. एक चूक आधीच झाली आहे, तीही लिहिते.

रॉड तीन तुकड्यांचा, जोडल्यावर साधारण ९ फूट. अखंड वेळू नाही, बांबूच्या सहा तासलेल्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या, त्यामुळे हाताला षट्कोनी लागतो. मुठीला बुचाच्या चकत्या. तुकडे जोडणाऱ्या पितळी नळीवर 'रेडिच, इंग्लंड' एवढंच वाचता येतं. अण्णांनी तो १९६८ च्या सुमारास चोरबाजारातून जुनाच घेतला होता. रविवारी पहाटे पवई तलावावर जायचे, रोहू-कटला मिळाला की दुपारी आईची आमटी. नंतर रॉड माळ्यावर गेला आणि तिथेच वीसेक पावसाळे राहिला.

आत्ताची अवस्था: वॉर्निशला बारीक भेगा पडून पापुद्रे सुटलेत. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, ज्यांतून जाते त्या कड्या धरून ठेवणारा रेशमी दोरा बोट लावताच भुगा होतो. मधला आणि शेंड्याचा तुकडा जिथे एकमेकांत बसतात तो सांधा हिरवा पडून घट्ट अडकला आहे. मधल्या तुकड्यात दोन पट्ट्यांमध्ये वीतभर फट आहे. आणि शेंडा एका बाजूला वाकला आहे.

चूक अशी: सांधा सुटावा म्हणून हेअर ड्रायरने तापवला. सांधा जागचा हलला नाही, पण फट चार बोटं लांबली. तेव्हापासून हात लावलेला नाही.

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत, हात थरथरतात, त्यामुळे ते सांगतात आणि मी करते. भिंतीवर टांगायला नको आहे, त्यांना तो पाण्यावर न्यायचाय. सांधा कसा सोडवू? फट कशाने चिकटवू? वॉर्निश पूर्ण काढायचं का? पाऊस लागायच्या आत हे उरकायला हवं.

प्रतिसाद १

ताई, आधी तो ड्रायर कपाटात ठेवा. त्या काळच्या बऱ्याच रॉडच्या पट्ट्या सरसाने चिकटवलेल्या असत. आपले जुने सुतार वापरायचे तोच, जनावरांच्या कातड्या-हाडांचा. ऊब आणि ओल दोन्हींनी तो मऊ पडतो, म्हणून फट लांबली. खात्री करायची तर फटीतून बाहेर आलेल्या सुक्या कणावर कोमट पाण्याचा एक थेंब टाका. चिकट झाला तर सरसच.

सांध्याला उष्णता नको. गंज सोडवायच्या पातळ तेलाचे दोन थेंब नळीच्या तोंडाशी सोडून रात्रभर ठेवा. सकाळी पुसा आणि दोघांनी समोरासमोर उभं राहून ओढा. प्रत्येकाचा एक हात सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे. सरळ रेषेत ओढायचं, अजिबात पिळायचं नाही. पिळलं की नळीच्या तोंडाशी बांबू फाटतो.

फटीतला जुना सरस पातळ पात्याने खरवडून काढा. पाच मिनिटांत वाळणारा नको, सावकाश वाळणारा इपॉक्सी घ्या आणि कागदाच्या कपट्याने आतपर्यंत पोचवा. मग सुती दोरा एकदा उजव्या आणि एकदा डाव्या पिळाने आवळून गुंडाळा. एकाच दिशेने गुंडाळलात तर तुकडा पिळला जाईल. बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच पुसा, आणि तुकडा सपाट फळीवर दिवसभर राहू द्या.

वॉर्निश काढा, पण बांबू घासू नका. या रॉडची सगळी ताकद बांबूच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. कारागीर पट्टी आतल्या अंगाने तासतो, साल राखतो. तुम्ही वरून सँडपेपर फिरवलात तर तीच जाणार. पातं उभं धरून फक्त वॉर्निश खरवडा, शेवटी ४०० नंबरचा पेपर हलक्या हाताने. सहाही कडा शाबूत राहिल्या पाहिजेत.

प्रतिसाद २

वरच्या सगळ्याला दुजोरा. कड्या सोडवण्याआधी प्रत्येकीचं शेंड्यापासूनचं अंतर लिहून ठेवा. समईची वात प्रत्येक कडीतून ओढून बघा. कापसाचा तंतू अडकला तर तंगुसाने तिथे चर पाडलाय, ती कडी बदला.

रेशमाचा रंग आधी टाकाऊ काडीवर बघा. वॉर्निश मुरलं की रेशीम गडद आणि पारदर्शक होतं. पांढरं तर जवळजवळ दिसेनासं होतं, खालचा बांबूच दिसतो.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सांधा सुटला! मी आणि माझा भाऊ ओढत होतो, तिसऱ्या खेपेला बाटलीचं बूच उघडावं तसा 'पक्' आवाज आला. आत हिरवट पूड होती, नळी मात्र अगदी गुळगुळीत. अण्णांनी ती नखाने तपासली आणि "चीर नाही" म्हणाले.

थेंबाची परीक्षा केली, सरसच निघाला. फट इपॉक्सीने बंद केली, दोरा सोडल्यावर रेघ दिसते पण नख अडकत नाही. वातीने दोन कड्या नापास केल्या. पटवेकऱ्याकडचा रेशमी दोरा जाड पडला, भरतकामाचा बारीक, मरून रंगाचा आणलाय. आता राहिला वाकलेला शेंडा. तो वाफेवर सरळ करतात असं ऐकलं, पण सरस म्हटल्यावर धीर होत नाही.

प्रतिसाद १

करूच नका. कड्या सोडवलेल्याच आहेत, तर शेंड्याच्या कड्या बरोबर विरुद्ध बाजूला बांधा. वापरात ताण उलटा पडतो आणि बाक हळूहळू कमी होत जातो. जुने लोक हेच करत. वॉर्निशचे पातळ तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये निदान पूर्ण दिवस. आभाळ आलं असेल त्या दिवशी डबा उघडू नका, दमट हवेत वॉर्निश दुधाळ होतं.

धागाकर्ती

अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, पवईला त्यांच्या शेजारी बसणारे एक काका दर दोन वर्षांनी असंच करायचे. आज शेंड्याच्या पहिल्या दोन कड्या उलट बाजूला बांधल्या. दोऱ्याचे वेढे अण्णा मोजत होते, एका कडीला बेचाळीस. चार दिवस कोरडं ऊन आहे, उद्या सकाळी वॉर्निशचा पहिला हात.