नवी आवृत्ती, जुनीच उदाहरणं: पाठ्यपुस्तकांचा भार विद्यार्थ्यांनीच का वाहायचा?

शेवटचा बाक

गेल्या आठवड्यात मी वाचनालयात बसून एक यादी केली. डावीकडे आमच्या विषयाच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतले उदाहरणांचे क्रमांक, उजवीकडे जुन्या आवृत्तीतले. नवं पुस्तक वाचनालयाचं. ते बाहेर नेता येत नाही, दोन तासांनी परत द्यावं लागतं. जुनं माझं स्वतःचं, पुढच्या वर्गात गेलेल्या एका ताईकडून घेतलेलं. पहिल्या पाच प्रकरणांना चार संध्याकाळी लागल्या आणि हाती आलं ते असं: बहुतेक उदाहरणं तीच आहेत. सत्ताविसावं होतं ते एकतिसावं झालंय, एका ठिकाणी गाडीचा वेग बदललाय, दोन आकृत्यांना रंग दिलाय. आणि वर्गात पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "नवीच आवृत्ती आणा, जुनी चालणार नाही."

माझा राग किमतीवर आहेच, पण त्याहून जास्त या रचनेवर आहे. पुस्तक निवडतो एक आणि पैसे मोजतो दुसरा. एरवी एखादी वस्तू महाग वाटली तर माणूस ती ठेवून दुसरी उचलतो. इथे ती सोय नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीसारखं आहे, नाव ठरलेलं, घासाघीस नाही. फरक इतकाच की चिठ्ठी लिहिणाऱ्याला इथे बऱ्याचदा किंमत ठाऊकच नसते, कारण शिक्षकांना प्रकाशकाकडून नमुना प्रत फुकट मिळते.

पुस्तक नसलेल्याचे पहिले तीन आठवडे कसे जातात हे लिहिलंच पाहिजे. शेजारच्याच्या पुस्तकात डोकवायचं. तो पान उलटतो तेव्हा आपलं वाचून झालेलं नसतं, पण थांब म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी आपण मुद्दाम वेगळ्या बाकावर बसतो, रोज त्यालाच त्रास नको म्हणून. असाइनमेंटमध्ये फक्त "प्रकरण ३, उदाहरणे ४ ते १९" असं असतं. ती उदाहरणं कुणाकडून तरी फोटो काढून मागवायची, आणि तो फोटो येतो रात्री अकराला. हुशारी, मेहनत वगैरे सगळं यानंतर सुरू होतं.

मागणी दोनच गोष्टींची आहे. पुस्तक सक्तीचं करण्याआधी शिक्षकांनी त्याची किंमत पाहावी. आणि नव्या आवृत्तीत नेमकं काय बदललं हे सांगता येत नसेल तर जुनी चालू द्यावी.

खडूची धूळ

मी शिकवतो, आणि एका पाठ्यपुस्तकाचा सहलेखकही आहे. तेव्हा माझी बाजू आधीच कळलेली बरी.

तुमच्या चार संध्याकाळी मला समजतात. पण "बहुतेक उदाहरणं तीच आहेत" एवढ्यावर पुस्तक जोखू नका. आमच्या पुस्तकाला सहा वर्षं लागली. एकेक उदाहरण तिघांनी स्वतंत्रपणे सोडवून पाहिलं, कारण उत्तरसूचीतलं एक चुकीचं उत्तर हजारो मुलांची रात्र वाया घालवतं. मानधन म्हणून मिळतो तो विक्रीतला छोटा टक्का, तोही दोघांत वाटून. पुस्तकांवर श्रीमंत झालेला लेखक मी तरी जवळून पाहिलेला नाही.

शास्त्र बदलत नाही हाही गैरसमज आहे. २० मे २०१९ रोजी किलोग्रॅमची व्याख्या बदलली. तोवर ती फ्रान्समध्ये जपून ठेवलेल्या धातूच्या एका ठोकळ्यावर आधारलेली होती, आता प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या मूल्यावर आहे. अँपिअर, केल्विन आणि मोल या एककांच्या व्याख्याही त्याच दिवसापासून बदलल्या. २०१८ चं पुस्तक घेऊन बसलेला विद्यार्थी पहिल्याच प्रकरणात चुकीचं पाठ करेल. मी नवी आवृत्ती मागतो ती यासाठी.

आणि साठ जणांच्या वर्गात तीन वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या की "पान दोनशे बारा उघडा" एवढंसुद्धा म्हणता येत नाही. तास माझाच नाही, त्या साठ जणांचाही असतो.

रात्रपाळी

सर, किलोग्रॅमचं उदाहरण चपखल आहे, पण ते तुमच्याच विरुद्ध जातं. तो बदल दीड पानात मावतो. ते दीड पान शुद्धिपत्र म्हणून फुकट देता आलं असतं. त्यासाठी हजारभर पानं पुन्हा विकत घ्यायला का लावायची?

मी रात्री काम करते आणि दिवसा कॉलेज. सत्राच्या सुरुवातीला फी, राहण्याचा खर्च आणि पुस्तकं एकाच महिन्यात अंगावर येतात. फी चुकवता येत नाही, खोलीचं भाडं चुकवता येत नाही. मागे राहतात ती पुस्तकं. मग मी मनाशी क्रम लावते, कोणता विषय पुस्तकाशिवाय निभावेल. गेल्या सत्रात अंदाज चुकला आणि नेमक्या त्याच विषयात नापास झाले. त्या परीक्षेला पुस्तक सोबत नेण्याची मुभा होती. सगळ्यांच्या बाकावर पुस्तक, माझ्या बाकावर हाताने उतरवलेल्या नोंदी.

वाचनालयात प्रत आहे, हे उत्तर मला नेहमी मिळतं. ते उघडतं तेव्हा मी तासाला असते आणि तास संपतात तेव्हा कामावर निघायचं असतं. ती दोन तासांची प्रत त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे दोन तास आहेत.

मुद्रितशोधक

प्रकाशन व्यवसायात बरीच वर्षं काढली आहेत. इथे कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो.

पाठ्यपुस्तक पहिल्या वर्षी सर्वांत जास्त खपतं. दुसऱ्या वर्षापासून त्याच प्रती हातोहात फिरू लागतात, आणि जुन्या प्रतीच्या विक्रीतून लेखक किंवा प्रकाशक कुणालाच काही मिळत नाही. खर्च मात्र सगळा आधीच झालेला असतो: संपादन, तज्ज्ञांकडून तपासणी, आकृत्या, छायाचित्रांचे हक्क. म्हणून तो पहिल्या एकदोन वर्षांत वसूल करायला किंमत चढी ठेवतात. किंमत चढली की जुन्या प्रती घेणारे आणखी वाढतात, आणि त्यांना आवर घालायला नवी आवृत्ती लवकर काढावी लागते. हे चक्र आहे, मी नाकारत नाही. पण ते कुणा एकाच्या लोभानं फिरत नाही. ज्याला त्याला आपापल्या जागी शहाणपणाचं वाटलं तेच करून सगळे इथे पोचले आहेत.

कमी खपाच्या विषयांचाही विचार करा. पाचशे प्रती जेमतेम जाणारं प्रगत विषयाचं पुस्तक सर्रास झेरॉक्स आणि पीडीएफवर फिरू लागलं तर त्याची दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि पुढच्या लेखकाला पहिलीसाठीही कुणी विचारत नाही.

शेवटचा बाक

@मुद्रितशोधक, चक्र तुम्ही नीट उलगडलंत. पण त्यात ज्याला काहीच ठरवता येत नाही असा एकच जण आहे, आणि बिल त्याच्याकडेच येतं. शिक्षक दुसरं पुस्तक निवडू शकतात, प्रकाशक आवृत्ती पुढे ढकलू शकतो. मी काय ठरवू? घ्यायचं की नापास व्हायचं, एवढंच?

आणि आता तर जुन्या प्रतीची वाटही बंद होतेय. पुस्तकासोबत ऑनलाइन गृहपाठाचा कोड येतो. एकदाच वापरता येतो, सत्र संपलं की मुदत संपते. गृहपाठाचे गुण त्या संकेतस्थळावरच मिळतात, म्हणजे पुस्तक उसनं मिळालं तरी कोड विकत घ्यावाच लागतो. पूर्वी पुस्तक घेतलं तर निदान पुढच्याला देता यायचं. मला ज्या ताईनं दिलं तिनं समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, "इथे चिन्ह चुकतं, नीट बघ." त्या एका ओळीनं मला परीक्षेत वाचवलं. कोड मी कुणाला देणार, आणि त्याच्या समासात काय लिहिणार?

कपाट क्रमांक ७

वाचनालयात काम करते. वर दोन तासांच्या प्रतीचा उल्लेख आला म्हणून लिहावंसं वाटलं.

नियम आम्हालाही गोड वाटत नाही. एका विषयाला चार प्रती आणि मुलं दोनशे, मग घरी कुणाला देणार? परीक्षेच्या आधल्या आठवड्यात मुलं दारं उघडण्याआधी येऊन उभी असतात. एकदा एका पुस्तकाचं नेमकं सहावं प्रकरण ब्लेडने कापून नेलेलं सापडलं. मी चिडले, पण त्या मुलाला ते प्रकरण दुसरीकडे कुठेच मिळालं नसेल हेही कळत होतं.

झेरॉक्सबद्दल सरसकट "चोरी" हा शब्द वापरू नये असं मला वाटतं. २०१२ मध्ये तीन मोठ्या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तिथल्या एका झेरॉक्स दुकानावर दावा लावला होता. अभ्यासक्रमाला लागणारे उतारे एकत्र बांधून दुकान ते मुलांना देत होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकलपीठानं, म्हणजे एकाच न्यायाधीशानं, विद्यापीठ आणि दुकानाच्या बाजूनं निकाल दिला, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या शिक्षणासाठीच्या सवलतीच्या आधारे. कॉपीराइट हा दैवी किंवा नैसर्गिक हक्क नाही, असंही त्यात म्हटलं होतं. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

खडूची धूळ

त्या निकालाचा आधार घेताना एक गोष्ट गाळू नका. तिथे वाद होता तो वेगवेगळ्या पुस्तकांमधल्या निवडक उताऱ्यांचा. अख्खं पुस्तक झेरॉक्स करून बांधणीसकट विकण्याला त्यातून सरसकट मोकळीक मिळते, असा अर्थ काढणं चूक आहे. शिवाय डिसेंबर २०१६ मध्ये प्रकाशकांच्या अपिलावर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठानं सवलत मान्य केली, तरी ते उतारे शिकवण्यासाठी खरोखर गरजेचे होते का, हे तपासायला प्रकरण परत खाली पाठवलं होतं. दावा मागे घेतल्यामुळे ती तपासणी झालीच नाही.

आणि एक मनातलं बोलतो. आमच्या पुस्तकाची पीडीएफ पहिल्यांदा एका विद्यार्थ्याच्या फोनवर पाहिली तेव्हा फार लागलं होतं मला. सहा वर्षांचं काम, आणि त्या पोरानं कौतुकानं दाखवलं, "सर, तुमचं पुस्तक आहे माझ्याकडे." त्याला रागावता आलं नाही, पण घरी येऊन नीट जेवणही गेलं नाही.

रात्रपाळी

सर, तुम्हाला लागलं असेल ते खरं आहे, मी ते हलकं करणार नाही. पण त्या मुलानं ते लपवलं नाही, तुम्हालाच दाखवलं. त्याला तुमचं पुस्तक हवं होतं. किंमत आडवी आली.

पुस्तकाची किंमत जागेप्रमाणे बदलू शकते हे प्रकाशकांना चांगलं माहीत आहे. सुपाप किर्तसेंग नावाचा थायलंडचा विद्यार्थी अमेरिकेत शिकत होता. तीच इंग्रजी पुस्तकं थायलंडमध्ये फार स्वस्त मिळतात हे पाहून त्यानं घरच्यांकडून ती मागवली आणि अमेरिकेत विकली. जॉन वायली या प्रकाशकानं त्याच्यावर दावा लावला. खालच्या न्यायालयांत तो हरला, पण मार्च २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ मतांनी त्याच्या बाजूनं निकाल दिला: कायदेशीर छापलेली प्रत विकत घेतली की ती पुन्हा विकायचा हक्क घेणाऱ्याचा, मग ती कुठेही छापलेली असो.

मुद्रितशोधक

आणि त्या निकालानंतर स्वस्त आवृत्त्या महाग करण्याकडेच प्रकाशकांचा कल जाणार, हे उघड होतं. स्वस्त प्रत परत येऊन मूळ बाजार खाणार असेल तर ती स्वस्त का ठेवायची? त्याचा फटका बसतो तो गरीब देशांतल्या विद्यार्थ्यांना. किर्तसेंगच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण एकाची सुटका हा सगळ्यांवरचा उपाय होत नाही.

कपाट क्रमांक ७

उपाय म्हणाल तर मुक्त परवान्याची पुस्तकं आहेत. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या ओपनस्टॅक्स प्रकल्पानं २०१२ मध्ये पहिली पुस्तकं काढली, त्यात भौतिकशास्त्राचं होतं. संगणकावर फुकट वाचा, उतरवून घ्या, हवं तर छापून घ्या. लेखकांना आणि तपासनिसांना मोबदला मिळतो, देणगीच्या पैशांतून. शिक्षकांना त्यात आपल्या वर्गापुरते बदलही करता येतात.

खडूची धूळ

पाहिली आहेत. पहिल्या वर्षाच्या विषयांसाठी चांगली आहेत, हे मान्य. तिसऱ्या वर्षाच्या माझ्या विषयाला असं एकही पुस्तक मला पटलेलं नाही, आणि सगळीच मुलं इंग्रजीत सहज वाचू शकत नाहीत. देणगी आटली की सुधारणा कोण करणार, हाही प्रश्न आहेच.

किंमत पाहण्याबद्दल मात्र शेवटचा बाक यांचा मुद्दा मी खोडू शकत नाही. अमेरिकेत २००८ च्या उच्च शिक्षण कायद्यानं प्रकाशकांवर तेच बंधन घातलं: शिक्षकाला पुस्तक सुचवताना किंमत सांगायची, आधीच्या तीन आवृत्त्यांची वर्षं सांगायची आणि नव्या आवृत्तीत ठोस बदल काय केले तेही सांगायचं. मला आजवर कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आज दुपारी माझ्या यादीतल्या चार पुस्तकांच्या किमती पाहिल्या. त्यातलं एक मी फक्त दोन प्रकरणांसाठी लावलं होतं. ते काढतो आहे.

नव्या आवृत्तीचा हट्ट मी अजून पूर्ण सोडलेला नाही. पण पुढच्या सत्रात असाइनमेंटमध्ये नुसते क्रमांक न देता उदाहरणं पूर्ण लिहून देईन. माझा एक तास जाईल.

शेवटचा बाक

सर, त्या एका तासानं माझ्या चार संध्याकाळी वाचल्या असत्या. मनापासून आभार.

सहाव्या प्रकरणाची यादी आज पुरी झाली. एकूण ४८ उदाहरणं, खरोखर नवीन ५. ती पाच हाताने उतरवून घेतली आहेत. याच विषयाचं हेच पुस्तक कुणाला असेल तर कळवा, सगळी यादी पाठवतो.

रात्रपाळी

मला हवी आहे. माझ्याकडे तुमच्याही आधीची आवृत्ती आहे. तिसरा रकाना आखून ठेवा, तो मी भरते. रविवारी सुट्टी आहे.