८४ दिवसांचं रिचार्ज सीमाभागात परवडतं का?

निपाणीकर: २८ दिवसांचं रिचार्ज मारत बसणं म्हणजे पैसे घालवणं. वर्षात १२ नाही, १३ वेळा खिशात हात जातो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे जिओचे आकडे घ्या. रोज दीड जीबी, २८ दिवस, २९९ रुपये. तेवढाच डेटा ८४ दिवसांना ७९९. तीनदा २९९ म्हणजे ८९७, सरळ ९८ रुपये वाचतात. रोज दोन जीबीवाल्यात ३४९ तिप्पट १०४७ आणि ८४ दिवसांचा ८५९, म्हणजे १८८ सुटतात. यात वाद कसला?

जांबोटी_रान: हिशेब बरोबर आहे, खरं टॉवरचं काय? कणकुंबीकडं रानात राहणाऱ्यानं आधी रेंज बघायची, मग प्लॅन. ८५९ भरले आणि पावसाळ्यात घरात एक दांडी येईना, तर करणार काय? पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की उरलेले दिवस बुडाले, त्याचे पैसे परत नाहीत. आणि ‘पोर्ट करून बघू’ म्हणाल, तर नव्या कंपनीत ९० दिवस अडकलात, त्याआधी पुढचं पोर्टिंग होत नाही. त्यापेक्षा दुसऱ्या स्लॉटमध्ये त्या कंपनीचं नवीन सिम घाला, त्यावर सगळ्यात लहान प्लॅन मारा आणि रात्री आठ-नऊला स्पीड बघा. स्वयंपाकघरात, परड्यात, शेडात, सगळीकडं. दुपारी दोनला सगळ्यांचंच नेट पळतं, त्या टेस्टला अर्थ नाही. पटलं की मग जुन्या सिमवरनं मेसेज: इंग्रजीत PORT, एक जागा सोडून आपला नंबर, आणि पाठवा १९०० ला. येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा, तो चार दिवस चालतो.

निपाणीकर: रानातला नियम बाजारपेठेला कशाला लावता? जिथं दोन वर्षं तेच सिम नीट चालतंय, तिथं २८ दिवसांवर राहणं हा निव्वळ आळस.

शिनोळी_फाटा: दोघांचं एक राहिलं. आमच्याकडं फोन कधी कर्नाटक सर्कल (कंपन्यांचा राज्यवार विभाग) धरतो, कधी महाराष्ट्र. अनलिमिटेड प्लॅनला देशातल्या रोमिंगचे वेगळे पैसे नाहीत, खरं काही फोनांत ‘डेटा रोमिंग’ बंद असलं की पलीकडच्या टॉवरवर जाताच नेट मरतं. कॉल लागतो, व्हॉट्सॲप फिरत बसतं. लोक कंपनीला शिव्या देतात आणि मोठा प्लॅन मारतात! आधी ते बटण चालू करा.

टिळकवाडी_५जी: दीड जीबीवर वाद घालण्यातच चूक आहे. जुलै २०२४ च्या दरवाढीत जिओ, एअरटेल दोघांनीही अनलिमिटेड ५जी रोज दोन जीबी आणि त्यावरच्या प्लॅनवर ठेवलं. ८४ दिवसांमागं ६० रुपयांसाठी दीडचा घ्यायचा आणि संध्याकाळी डेटा संपला की ६४ केबीपीएसच्या कासवगतीनं रांगायचं?

जांबोटी_रान: ५जीचा टॉवर आणि ५जीचा फोन, दोन्ही असतील तर. फोन ४जीवर उतरला की तेच दोन जीबी कापले जातात, आणि रात्री बारापर्यंत न वापरलेलं गेलं.

परडे_आणि_पडवी: घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बटणाच्या फोनात डेटा कशाला? ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) आदेशानंतर २०२५ च्या जानेवारीत फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन आले. तेव्हा एअरटेलचा ४६९ चा ८४ दिवस होता, दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागून घ्यावा लागतो.

निपाणीकर: हे मान्य. आईच्या सिमला ८४ दिवसच, त्यात तरी भांडण नको.