अनुभव धागा : कोणाला उतरवलं, कोणाला बसवलं

जुळे सोलापूरकर

६ जून २०२४. कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर कुवेतविरुद्धचा सामना ०-० सुटला आणि भारताच्या फुटबॉल संघाचा कप्तान सुनील छेत्री निवृत्तीचा शेवटचा सामना खेळून रडत रडत मैदानाला फेरी मारायला निघाला. १५१ सामने, ९४ गोल. माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. आम्ही दोघं टीव्हीसमोर उभे राहिलो होतो, बसवेना. त्याच्या खोलीत छेत्रीचं पोस्टर आहे, त्यावर त्याने दुसऱ्या दिवशी पेनाने तारीख लिहिली.

नऊ महिन्यांनी छेत्री परत आला. १९ मार्च २०२५, शिलाँग, मालदीवविरुद्ध ३-०, त्यात त्याचा हेडरने मारलेला ९५ वा गोल. वय चाळीस. मुलगा नाचला, आणि मग एकदम थांबून म्हणाला, "बाबा, मग त्या तारखेचं काय करायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. माझं मत असं आहे की तेव्हाचे कोच मानोलो मार्केझ यांनी त्याला बोलावलं यात त्यांची चूक नव्हती. त्या मोसमात आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, भारतीयांपैकी सगळ्यात जास्त गोल छेत्रीचेच होते. फॉर्म बघून निवड करायची तर नाव त्याचंच येणार. पण आपल्या क्लबांत मधला स्ट्रायकर बहुतेक परदेशी असतो, आणि आपली पोरं विंगवर ढकलली जातात. लहानपणापासून कडेने पळायची सवय लागलेला मुलगा भारतासाठी खेळताना अचानक पेनल्टी बॉक्समध्ये उभा राहून गोल कसा मारणार? हा खड्डा कितीतरी वर्षं छेत्रीने एकट्याने झाकला. पुढे खालिद जमील आले, बऱ्याच वर्षांनी भारतीय कोच मिळाला म्हणून मला फार आनंद झाला. त्यांनी मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपला छेत्रीला घेतलं नाही आणि संघ ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा आला. मग आशिया कपच्या पात्रता फेरीत सिंगापूरविरुद्धच्या सामन्यांना छेत्री पुन्हा संघात. १४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात १-२ हरलो आणि आशिया कपचं दार बंद झालं. मला या गोष्टीचा अजून त्रास होतो.

सोलापुरात पार्क मैदान म्हटलं की लोकांना क्रिकेटच आठवतं, पण फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं इथे पेठेपेठेत आहेत हे मला ठाऊक आहे. म्हणून हा धागा. कोणाला घेतलं, कोणाला बसवलं, कोणाला परत आणलं, असा एखादा निर्णय जो तुमच्या मनातून गेला नाही, तो लिहा. विश्वचषकातला असो नाहीतर आपल्या गल्लीतला.

रेल्वे लाईन्स

माझं वय चौऱ्याहत्तर. वडील रेल्वेत होते. पासवर मुंबईला गेले की त्यांचं एक काम ठरलेलं, कूपरेजला रोव्हर्स कप बघायचा. हैदराबाद पोलीसचा संघ १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स जिंकला, त्यातले दोन हंगाम वडिलांनी डोळ्यांनी पाहिले. त्या संघाचे कोच सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. वडील त्यांना नेहमी 'रहीमसाहेब' म्हणत, आणि हैदराबाद आपल्याला गाडीने जवळ म्हणून असेल, एखाद्या नातलगाबद्दल बोलावं तसं बोलत.

१९६२ चे जकार्ताचे एशियन गेम्स. जर्नेल सिंग म्हणजे बचावातली भिंत. थायलंडच्या सामन्यात त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. कुठल्याही कोचने त्याला विश्रांती दिली असती किंवा जपून मागे खेळवलं असतं. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केलं! सेमीफायनलला त्याने गोल मारला. फायनलला दक्षिण कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा जर्नेलचा, आणि आपण २-१ ने सुवर्ण जिंकलो. रहीमसाहेब तेव्हा कॅन्सरने पोखरले होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

हे मी वडिलांच्या तोंडून किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. ते सांगायचे की जर्नेल कुठे खेळतो हे रहीमसाहेबांना माहीत होतंच, पण जर्नेल कसा माणूस आहे हेही माहीत होतं. पुढे उभा केला तर हा जखमेचा विचार करणार नाही, चेंडूचाच करेल. १९७० च्या ब्राँझनंतर एशियन गेम्समध्ये पुरुषांच्या फुटबॉलचं एकही पदक आपल्याकडे आलेलं नाही. चुनी गोस्वामी, पी. के., बलराम ही नावं माझ्या पिढीला पाठ. त्यांना योग्य जागी उभं करणाऱ्या माणसाचं नाव विचारलं की आमच्या कट्ट्यावरसुद्धा दोघेतिघेच सांगतात. जुळे सोलापूरकर, तुमच्या मुलाला हे नाव सांगा.

पूर्वभाग

काका, तुमचं वाचून अंगावर काटा आला. माझा अनुभव घरातला आहे.

आमचा खाली कारखाना, वर घर. टॉवेलचे माग. २०२२ च्या विश्वचषकात सौदीविरुद्ध अर्जेंटिना १-२ हरली त्या दुपारी माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, टीव्ही बंद केला आणि खाली जाऊन मागापाशी उभा राहिला. ३६ सामने न हरलेला संघ पहिल्याच सामन्यात गेला. मी म्हटलं अजून दोन सामने आहेत. तो म्हणाला, "काय करालाय बे हा स्कालोनी? लाउतारोला गोल मिळेना, तरी तोच."

आणि मग कोच स्कालोनीने खरंच बदललं. मेक्सिकोविरुद्ध पाच बदल. मॅक अलिस्टर आला. एन्झो फर्नांडेझ बेंचवरून आला आणि गोल मारून गेला. पोलंडविरुद्ध एन्झो आणि हुलियान आल्वारेझ सुरुवातीपासून. विश्वचषकाच्या मध्यावर कोच संघाचा कणा बदलतो आणि संघ मोडत नाही, उलट सरळ होतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. कारण बसवलेली माणसं रुसली नाहीत. लाउतारो मार्टिनेझचंच बघा. नेदरलँड्सविरुद्ध पेनल्टी शूटआऊटची शेवटची, जिंकवणारी किक त्याची. फायनलला १०८ व्या मिनिटाला मेस्सीने मारलेला गोल सगळ्यांना आठवतो. त्याआधी फ्रान्सचा गोलकीपर लोरिसने अडवलेला फटका लाउतारोचा होता.

फायनलबद्दल मला एक गोष्ट लिहायचीच आहे. १८ डिसेंबर, रविवार, बाबांनी संध्याकाळीच माग बंद केले होते. संघ जाहीर झाला तर डी मारिया डावीकडे! दुखापतीमुळे बाद फेरीत तो जवळजवळ खेळलाच नव्हता, आणि एरवी तो उजवीकडचा. फ्रान्स तयारी करून आलं ते त्याच्याशिवायच्या अर्जेंटिनाची. डेम्बेलेने त्याला पाडलं, पेनल्टी मिळाली, मेस्सीने १-० केलं. मग तो पळत पळत झालेला सुंदर गोल, शेवटचा स्पर्श डी मारियाचा. फ्रान्सचे कोच देशाँनी पहिला हाफ संपायच्या आत डेम्बेले आणि जिरू दोघांना बाहेर काढलं. ६४ व्या मिनिटाला स्कालोनीने डी मारियाला काढलं तेव्हा मी ओरडले, आणि मला अजूनही वाटतं तो बदल लवकर झाला. एम्बापेचे दोन गोल ८० आणि ८१ व्या मिनिटाला. आमच्या घरात कोणी श्वास घेत नव्हतं. जिंकलो म्हणून त्या बदलाबद्दल आता कोणी बोलत नाही, पण फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका आपला गोलकीपर एमी मार्टिनेझच्या पायाला लागला नसता तर आयुष्यभर बोललो असतो.

त्याच वर्षी बाबांनी ऑर्डरींचा हिशोब अण्णाकडून काढून माझ्याकडे दिला होता. नातेवाइकांत खूप बोलणी झाली. थोरला असून, वगैरे. अण्णाने एक शब्द काढला नाही. दिवाळीच्या मोठ्या ऑर्डरीला दोन कामगार आजारी पडले तर रात्रपाळीला स्वतः मागावर उभा राहिला. लाउतारोच्या किकच्या वेळी मी अण्णाकडे बघत होते, टीव्हीकडे नाही.

सात रस्ता

मी लिव्हरपूलचा. कोच क्लॉप क्लब सोडून गेले तेव्हा खूप वाईट वाटलं होतं. पण ३ जुलै २०२५ च्या सकाळची बातमी वेगळी होती. आमचा फॉरवर्ड दियोगो जोटा अपघातात गेला. अठ्ठावीस वर्षांचा. क्लबने २० नंबरची जर्सी कायमची ठेवून दिली. माझ्याकडे ती जर्सी आहे, पार्क चौपाटीजवळ फूटपाथवर घेतलेली, अंगात घालवत नाही. एवढंच लिहितो.

पीटीचे सर

वीस वर्षं शाळेत खेळ शिकवतोय. ही गोष्ट मी फार लोकांना सांगितलेली नाही.

पावसाळ्यात शालेय स्पर्धा लागतात. आमचं मैदान काळ्या मातीचं, पाऊस पडला की बुटाला शेर-शेर माती चिकटते. त्या वर्षी माझ्याकडे दहावीतला एक मुलगा होता, मिडफिल्डला खेळायचा. चेंडू पायात यायच्या आधी मान वर करून बघायचा, हे मी शिकवलेलं नव्हतं. असा मुलगा वीस वर्षांत मला दोनदा मिळाला. स्पर्धेच्या आधी तीन आठवडे तो सरावाला आलाच नाही. निरोप नाही, काही नाही. सामन्याच्या दिवशी सकाळी बूट हातात घेऊन हजर.

मी त्याला बसवलं. माझ्या मनात स्पष्ट होतं, रोज चिखलात येणाऱ्या मुलाची जागा याला दिली तर उद्या सरावाला कोण येणार? आजही हे तत्त्व मला चुकीचं वाटत नाही. सामना बरोबरीत सुटला, पेनल्टीवर हरलो. तो शेवटपर्यंत बाकावर होता. त्यानंतर मैदानावर आला नाही.

दोन वर्षांनी त्याच्या मावशीकडून कळलं. वडिलांचं काम सुटलं होतं आणि तो संध्याकाळी टॉवेल पॅकिंगला जात होता. सामन्याला यायला मालकाकडून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आला होता.

मी त्याला कारण विचारलं नव्हतं. निर्णय बरोबर की चूक यावर मी रात्री-रात्री डोकं लावलंय, आणि दर वेळी तिथेच येऊन थांबतो. काकांनी रहीमसाहेबांबद्दल लिहिलंय की ते माणूस ओळखत होते. मी खेळाडू ओळखत होतो. आता सरावाला दोन दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाच्या घरी मी जातो. पूर्व भागातल्या सगळ्या बोळी पाठ झाल्यात.

लाल बाजू

सर, आमच्या मँचेस्टर युनायटेडचे कोच फर्ग्युसननी प्रीमियर लीगची तेरा विजेतेपदं मिळवली. त्यांनी २००१ मध्ये बचावपटू याप स्टामला विकलं आणि पुढे स्वतःच कबूल केलं की ती चूक होती. तुम्ही तुमची इथे लिहिलीत, यासाठी फार मोठं मन लागतं.

जुळे सोलापूरकर, तुमच्या मुलाच्या तारखेबद्दल. आमचा मिडफिल्डर पॉल स्कोल्स २०११ च्या मेमध्ये निवृत्त झाला. जानेवारी २०१२ मध्ये सिटीविरुद्धच्या एफए कपच्या सामन्यात बदली खेळाडूंच्या यादीत त्याचं नाव! मी तेव्हा वालचंदला होतो, होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये पोरं किंचाळली. त्याच्या येण्याने संघ खरंच सावरला. त्या वर्षीची लीग आम्ही गोलफरकाने घालवली, पुढच्या वर्षी जिंकली आणि मग तो आणि फर्ग्युसन दोघेही गेले. तेव्हा मला फक्त आनंद होता. आज वाटतं की सदतिसाव्या वर्षी निवृत्त माणसाला परत आणावं लागलं, तिथेच मिडफिल्ड रिकामं असल्याची घंटा वाजली होती. पुढे एकामागून एक कोच आले आणि दर वेळी आम्ही कोचलाच दोष दिला. मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्हो, सोल्शायर, टेन हाग. प्रत्येकाने आपल्या पद्धतीचे खेळाडू आणले, आणि पुढच्याला ते नको होते. छेत्रीच्या बाबतीत तेच दिसतंय म्हणून भीती वाटते.

डावी विंग

सगळे पुरुषांच्या संघाबद्दल लिहितायत म्हणून मी लिहिते. ५ जुलै २०२५, चियांग माई. भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरी २-१ हरवलं आणि आशिया कपला पात्र ठरल्या. दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि ती मिडफिल्डर आहे. कोच होते क्रिस्पिन छेत्री, भारतीयच. पात्रता फेरी जिंकून आपल्या मुली आशिया कपला पहिल्यांदाच गेल्या. त्या रात्री मी माझ्या टीमच्या ग्रुपवर मेसेज टाकला तर पहिलं उत्तर आमच्या गोलकीपरच्या आईचं आलं.

मी आधी मधे खेळायचे. आमच्या ताईंनी, म्हणजे कोचनी, मला डावीकडे टाकलं तेव्हा मी आठवडाभर नीट बोलले नाही त्यांच्याशी. मला वाटलं मला बाजूला केलं. मग एकदा त्यांनी मला बाहेर उभं करून पूर्ण हाफ नुसता बघायला लावला. माझ्या जागी कोण आहे ते नाही, डावीकडे किती जागा रिकामी आहे ते बघ म्हणाल्या. सर, ताईंनी मला बसवलं पण कारण सांगून बसवलं. तो मुलगा आता कुठे आहे?

पीटीचे सर

पुण्याला. नोकरी करतो. नंबर आहे माझ्याकडे. अजून फोन केलेला नाही. आज करतो.

जुळे सोलापूरकर

सगळं मुलाला वाचून दाखवलं. स्कोल्सचं ऐकून त्याने पोस्टरवरची तारीख खोडली नाही, तिच्याखाली दुसरी लिहिली, १९ मार्च. जर्नेल सिंगची गोष्ट त्याने दोनदा सांगायला लावली. मग विचारलं, "जर्नेल पुढे गेला तर मागे त्याच्या जागी कोण उभं राहिलं?" रेल्वे लाईन्स काका, मला माहीत नाही. तुम्ही सांगाल का?

रेल्वे लाईन्स

अरुण घोष. माझ्या वडिलांनी हे नाव मला कधी सांगितलं नाही आणि मीही इतक्या वर्षांत विचारलं नाही, पुढे वाचनात आलं. त्याला म्हणावं, अरुण घोष. वहीत लिहून ठेव.