शब्दचर्चा: 'तारण', 'साक्ष', 'नवा जन्म' हे मंडळीबाहेरच्या (चर्चबाहेरच्या) माणसाला कसं सांगायचं?

नगरकर
सलाम. आमच्या तरुण संघात सुवार्ता सांगण्यावरून बरीच वादावादी झाली. ऑफिसातल्या एका मित्राने (तो ख्रिस्ती नाही) मला सरळ विचारलं, "तुमच्यात साक्ष देतात म्हणजे नक्की काय करतात? शपथ घेऊन?" मला चटकन सांगता येईना. तारण (पापातून सुटका), साक्ष (स्वतःला आलेला देवाचा अनुभव सांगणं), नवा जन्म (विश्वासाने पालटलेलं आयुष्य), कोकऱ्याच्या (म्हणजे येशूच्या) रक्ताने धुतलेला, हे शब्द आपल्या कानांना लहानपणापासून सवयीचे. बाहेरच्याला ते कसे ऐकू येतात? पर्याय आहेत का, की शब्द तेच ठेवून उलगडून सांगायचे?

वसईकर
'सुवार्ता' आणि 'शुभवर्तमान' दोन्ही चालतात, दोन्हींचा अर्थ चांगली बातमी. मात्र आमच्याकडे 'सुवार्ता' म्हटलं की निम्म्या लोकांना आधी त्या नावाचं मासिकच आठवतं. या शब्दांची अडचण फारशी नाही, खरी गोची तुम्ही दिलेल्या यादीतच आहे.

शब्दवेल्हाळ
'तारण'पासून सुरुवात करू. कुठल्याही पतसंस्थेची पाटी वाचा: सोनेतारण कर्ज, विनातारण कर्ज. आजच्या मराठी माणसाला तारण म्हणजे गहाण ठेवायची वस्तू. "येशूमध्ये तारण आहे" हे भिंतीवर रंगवलेलं वाक्य त्याला निदान क्षणभर तरी बँकेत घेऊन जातं. पण नाम सोडून क्रियापद घ्या, लगेच फरक पडतो. 'तारणे' जिवंत आहे. "देव तारी त्याला कोण मारी" हे घराघरांत म्हणतात, आणि भवसागरातून तारणारा देव संतांनी गावोगावी पोचवलेला आहे. "येशूने मला तारलं" याला तळटीप लागत नाही. पुढचा प्रश्न "कशातून?" असा येतो, आणि तो यायलाच हवा.

'नवा जन्म' त्याहून अवघड. पुनर्जन्म मानणाऱ्याला जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटायचं असतं, आणि आपण त्याला अगदी उत्साहाने आणखी एक जन्म देऊ करतो! गोंधळ तसा जुनाच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूला भेटायला आलेला निकदेमही विचारतो की म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा जाणार? तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचे अर्थही दोन आहेत: 'पुन्हा' आणि 'वरून'. मराठीत मात्र एक सोय आयती आहे. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला आपण म्हणतो, "तुझा दुसरा जन्मच झाला म्हणायचा." इथे पुनर्जन्म कुणाच्या मनातही येत नाही. बोलणं तिथून सुरू करावं.

कोकऱ्याचं रक्त पहिल्या भेटीत नको, असं माझं स्पष्ट मत. वल्हांडणाची (इस्राएली लोकांच्या गुलामीतून सुटकेची) गोष्ट माहीत नसलेल्याला जत्रेतला बोकड दिसतो. घर शाकाहारी असेल तर संभाषण तिथेच आटोपतं. आधी मिसर देशातली (इजिप्तमधली) ती सुटकेची रात्र सांगा, दाराच्या चौकटीला रक्त का लावलं ते सांगा, मग तो शब्द काढा.

'साक्ष' मात्र मी बदलणार नाही. कोर्टाची आठवण येते ती येऊ द्या. साक्षीदाराने स्वतः पाहिलं-ऐकलं तेवढंच सांगायचं असतं, वकिली करायची नसते. आपल्याकडे साक्ष द्यायला उठलेले लोक तिसऱ्या वाक्याला दुसऱ्यांच्या देवांवर घसरतात, तेव्हा ती साक्ष राहत नाही. मित्राला फारच अडलं तर 'प्रचिती' म्हणा. "मला आलेली प्रचिती सांगतो" म्हटल्यावर मराठी माणूस खुर्ची पुढे ओढतो.

नगरकर
पण अशी जवळची भाषा घेतली की अर्थ पातळ होतो, असं आमचे पाळकसाहेब म्हणतात. 'भवसागर' म्हटलं की त्यामागचं सगळंच आलं ना?

शब्दवेल्हाळ
पाळकसाहेबांची शंका रास्त आहे, आणि तीही जुनी आहे. १६१६ साली गोव्यात छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स स्वर्गाला बिनदिक्कत 'वैकुंठ' म्हणतात आणि सगळी कथा ओव्यांत सांगतात. जन्माने इंग्रज, पण ऐकणाऱ्याच्या ओसरीवर बसून बोलावं तसं बोलले. पंडिता रमाबाईंनी वेगळी वाट धरली. हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं भाषांतर करताना त्यांनी साध्या, कमी शिकलेल्या बायकांना कळेल अशी सोपी मराठी घेतली. १९२२मध्ये त्या गेल्या, पुस्तक नंतर प्रसिद्ध झालं. एकाने ओळखीचा शब्द घेतला, दुसरीने सोपा. जड शब्द मात्र दोघांनीही टाळला.

माझा कल रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे. १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते उघड सांगत. १९१७मध्ये काढलेल्या 'देवाचा दरबार' या भक्तसंघात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोघांनाही जागा होती. अर्थ पातळ होण्याची भीती त्यांनाही घालता आली असती, आणि ती घालणारे तेव्हाही कमी नसावेत.

वसईकर
थोडं विषयांतर, पण आजच्या दिवसांत गरजेचं. 'प्रसार' आणि 'धर्मांतर' यांची गल्लत करू नका. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये सांगितलं की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. बोलताना 'धर्मांतर' शब्द तोंडातून गेला की समोरच्याला प्रलोभन, दडपण, गुन्हा एवढंच ऐकू येतं. काही ठिकाणी तसे प्रकार झालेही असतील, पण प्रत्येक बोलणाऱ्याला त्याच मापाने मोजतात, त्याला इलाज नाही.

शब्दवेल्हाळ
बरोबर. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) आशेविषयी विचारपूस करणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा असं आहे. म्हणजे विचारपूस समोरच्याने करायची. आणि उत्तर 'सौम्यतेने व भीडस्तपणाने' द्यायचं. भीडस्त म्हणजे आता आपण ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला म्हणतो. इथे मात्र समोरच्याची भीड ठेवून, मान राखून, असा अर्थ घ्यायचा. नगरकर, तुमच्या मित्राने विचारलं होतं, म्हणजे निम्मं काम त्यानेच केलं.

नगरकर
उद्या चहाला भेटतोय. 'अविश्वासी' शब्दाचं काय करू? आमच्या प्रार्थनेच्या यादीत त्याचं नाव त्याच मथळ्याखाली आहे.

शब्दवेल्हाळ
मथळा आजच खोडा. मंडळीबाहेर 'अविश्वासी' म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकता येत नाही असा माणूस. 'मित्रमंडळी' लिहा.