खाऱ्या पाण्याची टाकी: नायट्राइटचा जांभळा रंग उतरतच नाही

ठाण्याची_खाडी:
अडीच फुटी टाकी, १०० लिटर. मासे सोडण्याआधी 'सायकल' करतोय, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करणारे जिवाणू जमवतोय. आरओचं पाणी, साडेतीन किलो मीठ, घनता १.०२५. दगड सगळे कोरडे, साधारण १० किलो. बाटलीतले जिवाणू ओतले आणि सडून त्यांना अमोनिया मिळावा म्हणून बाजारातून आणलेल्या तीन मोठ्या कोळंब्या स्टॉकिंगमध्ये बांधून सोडल्या. आज २९ वा दिवस. अमोनिया आधी गडद हिरवा होता, आता जवळजवळ पिवळा, ०.२५ पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग). पण नायट्राइट बाराव्या दिवसापासून ५ च्या खुणेवरच अडकलंय, नळीत चाचणीचा थेंब पडताक्षणी जांभळं. नायट्रेटही लालभडक दाखवतंय. दुकानदार म्हणतो दोन डॅमसेल मासे सोडा, आपोआप सुरळीत होईल. इकडे मार्गशीर्ष चालू आहे. गुरुवारी घरात मासळी न शिजवणाऱ्या आईला हॉलमध्ये कोळंबी सडवतोय हे कसं सांगू? काहीतरी सुचवा.

रीफवेडा:
डॅमसेल अजिबात नको. त्या विषात तो जगेल कदाचित, पण मग टाकी त्याच्या बापाची. पुढे येईल त्या माशाला फोडून काढतो. मी एकाला पकडायला सगळे दगड बाहेर काढले होते.

जुनी_टाकी_डोंबिवली:
तीन कोळंब्या? अहो, शंभर लिटरला अर्धी पुरली असती. आहे ते अवशेष आजच काढा, आईंचाही प्रश्न सुटेल.

आता मोजणी. तुमचा संच ५ च्या पुढे मोजतच नाही, त्यामुळे खाली येत असलं तरी तुम्हाला कळायचं नाही. टाकीचं १ मिली पाणी आणि आरओचं ९ मिली एकत्र करून तपासा, येईल त्या आकड्याला १० ने गुणा. नायट्रेटच्या आकड्यावर सध्या विश्वास ठेवू नका, नायट्राइट जास्त असलं की ती चाचणी फुगवून सांगते.

अमोनिया खाणारे जिवाणू आधी जमतात, नायट्राइट खाणारे मागून, रेंगाळत. त्यात थंडी. हीटर नसेल तर ठाण्यातही रात्री पाणी बरंच उतरतं. २६-२७ वर ठेवा. केएच, म्हणजे पाण्याची क्षारता, बघितलंत का? अमोनियाचं नायट्राइट होताना क्षारता खर्च होते. ती संपत आली की पीएच घसरतो आणि सगळं मंदावतं.

आणि अर्धं पाणी बदला, दोनदा. "सायकल चालू असताना पाणी बदलू नये" हे ऐकून मी पहिल्या टाकीला अडीच महिने नुसता बघत बसलो होतो. जिवाणू दगडावर आणि वाळूत चिकटलेले असतात, पाण्याबरोबर जात नाहीत. मिठाचा खर्च होईल, त्याला इलाज नाही.

रीफवेडा:
काकांशी सहमत. आणि कोणी समुद्रातून जिवंत दगड (जिवाणू आणि जीव वसलेला) आणून देतो म्हणाला तर हात जोडा. त्यावर प्रवाळ असू शकतात, आणि ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

ठाण्याची_खाडी:
काका, तुम्ही सांगितलं तसं करून पाहिलं. दहापट पातळ केल्यावरही ४ आलं, म्हणजे ४०! केएच ५. कोळंब्या काढल्या (स्टॉकिंगमध्ये नुसती टरफलं आणि बुळबुळीत पांढरं काहीतरी, वासाबद्दल बोलत नाही). दोन दिवसांच्या अंतराने अर्धं अर्धं पाणी बदललं. हीटर २६ वर.

ठाण्याची_खाडी:
पाणी बदलल्याला आज अकरावा दिवस: काल रात्री नळी निळी, म्हणजे नायट्राइट शून्य! बायकोला उठवून दाखवली, ती म्हणाली "बरं" आणि झोपली. मासा आणू का?

जुनी_टाकी_डोंबिवली:
थांबा. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमपर्यंत चढवा आणि २४ तासांनी बघा. अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले तर एक मोठा पाणी बदल करून एकच मासा. क्लाउन माशांची जोडी हवी असेल तर दोन छोटे एकदम, पण त्यावर महिनाभर काही नाही. बाष्पीभवनाने पाणी उतरलं की गोडं पाणीच घाला, मीठ उडून जात नाही.

ठाण्याची_खाडी:
दोन्ही शून्य! पण आता वाळूवर तपकिरी थर आलाय, चहा सांडल्यासारखा.

जुनी_टाकी_डोंबिवली:
डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल. बहुतेक नव्या टाक्यांना येतो. दिवा सहा तासांवर आणा आणि ब्रश खाली ठेवा.